शब्दांची ओळख : शैक्षणिक वर्ष आणि इयत्ता



गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत एक आजी शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. सोबत त्यांचा तिसरीतला नातू. मी बाहेर आलो तशा त्या उठू लागल्या. मी म्हटले, "बसा आजी, बसा. काय काम काढलंत?"

आजी म्हणाल्या, "गुर्जी, दिवाळी झाली की ल्योक-सून कारखान्याला निघालीत. पोराला संगं न्यायचं म्हणत्यात. मला एवढंच सांगा, ह्याचं वरीस बुडंल का?"

तेवढ्यात घंटा झाली. मी आजींना चार शब्दांत काहीतरी सांगितले आणि वर्गावर गेलो. पण ते उत्तर माझे मलाच पुरते वाटेना. प्रश्न एका ओळीचा असला तरी त्यात दोन-तीन प्रश्न एकात एक बसलेले आहेत. शिवाय तो काही एकट्या आजींचा नाही. आपला गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. दसरा झाला की इथे घराघरांतून सामानाची बांधाबांध सुरू होते. आपल्या पटावरच्या कितीतरी मुलांच्या घरी हेच बोलणे चालू असणार. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात 'शब्दांची ओळख' या सदरात हेच शब्द घेतले आहेत. मोठ्या मुलांनी स्वतः वाचावे आणि घरी आई-वडिलांना, आजी-आजोबांना वाचून दाखवावे.

वर्षे किती तऱ्हेची

तुम्हांला कोणी विचारले, "वर्ष कधी सुरू होते?" तर तुम्ही चटकन म्हणाल, १ जानेवारीला. बरोबर आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरचे वर्ष तेव्हाच सुरू होते. पण आजोबांना विचारा, ते म्हणतील पाडव्याला. चैत्र शुद्ध प्रतिपदेला नवा शक लागतो. सालगड्याचे सालही पाडव्यालाच ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते. बँकेतल्या साहेबांना विचाराल तर ते १ एप्रिल सांगतील, कारण सरकारी जमाखर्चाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. तलाठी आप्पांचे आणखी निराळे. सातबारा आणि शेतसाऱ्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. आणि आपल्या गावाचा ज्याच्याशी रोजचा संबंध, त्या साखरेचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे धरतात.

मग खरे वर्ष कोणते? सगळीच खरी. सूर्याभोवती पृथ्वीची एक फेरी झाली की वर्ष झाले, एवढे निसर्गाने ठरवून दिले आहे. फेरी कुठून मोजायची हे मात्र माणसाने आपापल्या कामावरून ठरवले. सालगड्याचे काम निराळे, तलाठ्याचे निराळे, कारखान्याचे निराळे. तसेच शाळेचेही एक काम आहे आणि त्या कामाचे एक वर्ष आहे. त्यालाच शैक्षणिक वर्ष म्हणतात.

आता शब्द फोडून पाहू. 'शिक्षण' या शब्दाला 'इक' प्रत्यय लागला की 'शैक्षणिक' होतो. प्रत्यय लागताना पहिल्या अक्षरातल्या 'इ'चा 'ऐ' होतो. दिन–दैनिक, विज्ञान–वैज्ञानिक, इतिहास–ऐतिहासिक, तसेच शिक्षण–शैक्षणिक. पाचवीच्या वह्या तपासताना निम्म्या मुखपृष्ठांवर 'शैक्षणीक' असे सापडले. 'णि' ऱ्हस्व आहे बरे का! आजच घरी जाऊन दुरुस्त करा.

'वर्ष' या शब्दाची गंमत तर अशी की, संस्कृतात त्याचा अर्थ पाऊस असाही आहे. वर्षाव, वर्षा ऋतू हे शब्द त्याच घरातले. 'शताब्दी'मधला 'अब्द' घ्या. अप् म्हणजे पाणी. पाणी देणारा तो अब्द, म्हणजे ढग. आणि अब्द म्हणजे वर्षसुद्धा. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत एक वर्ष, असे जुन्या माणसांनी मोजले असेल तर त्यात नवल नाही. आजही आपण म्हणतोच की, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी."

तुमचे शाळेचे वर्षही पावसाबरोबरच उगवते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. विदर्भात ऊन लांबते, म्हणून तिकडे आठ-पंधरा दिवस उशिरा उघडते. छत्री, नवी पुस्तके, चिखलाने भरलेले पाय आणि पहिलीच्या वर्गातली रडारड, ही सगळी एकाच आठवड्यातली. दिवाळीपर्यंत पहिले सत्र. दिवाळीची सुट्टी संपली की दुसरे सत्र. मग वार्षिक परीक्षा. आणि १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले की निकाल हातात द्यायचा, अशी पुष्कळ वर्षांची पद्धत आहे.

सगळ्या जगात असेच असते असे मात्र नाही. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, इंग्लंडमध्ये सप्टेंबरमध्ये. ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटाला शाळा उघडतात, कारण तिकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो. आपल्याच देशातल्या केंद्रीय विद्यालयांचे वर्ष एप्रिलपासून धरतात.

आडव्या रेघेचे गणित

शैक्षणिक वर्ष लिहिताना आपण २०२३-२४ असे लिहितो. मध्ये आडवी रेघ का? कारण हे वर्ष कॅलेंडरच्या दोन वर्षांत पाय ठेवून उभे असते. जून ते डिसेंबर २०२३ सालातले आणि जानेवारी ते मे २०२४ सालातले.

ही काही इंग्रजांनी आणलेली नवीच अडचण नव्हे. शिवाजी महाराजांच्या आणि पेशव्यांच्या काळातल्या मराठी कागदांवर 'सुहूर सन' असे. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. हा सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलायचा, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. पेरणीचे वर्ष तेच सरकारी कागदाचे वर्ष. आता मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. म्हणजे तुमची शाळा उघडते त्याच्या आठवडाभर आधी! सुहूर सनावरून इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. सुहूर सन १०७५ म्हणजे इसवी सन १६७४-७५. महाराजांचा राज्याभिषेक झाला तो हाच सन. म्हणजे बघा, तिथेही आडवी रेघ आलीच.

या रेघेपाशी भलेभले चुकतात. एक उदाहरण घ्या. एक मुलगी जून २०१९ मध्ये पहिलीत दाखल झाली. दरवर्षी वरच्या वर्गात गेली. तर ती पाचवीत कधी बसली? पुष्कळ जण २०१९ मध्ये ५ मिळवतात आणि २०२४ सांगतात. चूक! बोटावर मोजा. २०१९-२० पहिली, २०२०-२१ दुसरी, २०२१-२२ तिसरी, २०२२-२३ चौथी, २०२३-२४ पाचवी. जून २०२३ मध्ये बसली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सुटली. पहिली हीसुद्धा एक इयत्ता आहे, ती मोजण्यात धरायची असते, म्हणून ५ नव्हे, ४ मिळवायचे. कुंपणाला पाच खांब असले तर त्यांच्यामध्ये चारच गाळे असतात, तसे हे आहे.

हे गणित नुसत्या कोड्यापुरते नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'कोणत्या इयत्तेत व केव्हापासून शिकत होता'. तिथे 'इयत्ता पाचवीत, जून २०२३ पासून' असे लिहावे लागते. त्यात एका वर्षाची चूक झाली की पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, जातीचा दाखला, सगळीकडे ती चूक पाठ धरते. मी तर दाखला लिहिताना अजूनही बोटे मोडतो.

आता यावरून आठवले म्हणून सांगतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची आधार कार्डे एकदा पाहा. कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून निघेल. एवढी माणसे एकाच दिवशी कशी काय जन्मली? तसे नाही. पूर्वी घरी जन्माची नोंद नसे. जूनमध्ये बाप पोराला शाळेत घेऊन येई. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. हात कानाला पोचला तर पोर सहा वर्षांचे झाले असे धरत. मग चालू सालातून सहा वजा करून १ जून ही तारीख लावून टाकत. म्हणजे मुलाने शाळेत जन्म घेतला म्हणा ना! याच कारणाने आपल्या राज्यात दर ३१ मे रोजी सरकारी नोकरांची मोठी रांग एकदम निवृत्त होते.

इयत्ता म्हणजे एवढेपणा

इथपर्यंत वर्षाची गोष्ट झाली. आता दुसरा शब्द, इयत्ता. आपण बोलताना 'यत्ता' म्हणतो. "औंदा कंच्या यत्तेत?" "गुदस्ता तिसरीत होता, औंदा चौथीत."

संस्कृतात 'इयत्' म्हणजे 'एवढे'. त्याला 'ता' लागला, जसा सुंदरला लागून सुंदरता होते तसा. इयत्ता म्हणजे 'एवढेपणा'. किती? तर एवढे. म्हणजेच माप. खळ्यावर धान्य मोजायला पायली असते ना, तशी शिकलेले मोजायला इयत्ता. "पोरगी चौथी शिकली" याचा मूळ अर्थ "पोरगी चार पायल्या शिकली" असाच काहीसा.

व्याकरणाची एक बारीक गोष्ट यातून सुटते. आपण 'पहिली, दुसरी, तिसरी' असे स्त्रीलिंगी का म्हणतो? मुलगासुद्धा 'मी तिसरीत आहे' असेच म्हणतो. कारण मागे 'इयत्ता' हा शब्द लपलेला असतो आणि इयत्ता ही स्त्रीलिंगी. विदर्भात 'वर्ग तिसरा' म्हणतात, कारण वर्ग पुल्लिंगी. कॉलेजात 'प्रथम वर्ष, द्वितीय वर्ष' म्हणतात, तिथे वर्ष नपुंसकलिंगी. वर्ग म्हणजे एकत्र बसलेला गट, वर्ष म्हणजे काळ आणि इयत्ता म्हणजे माप. तीन निरनिराळ्या गोष्टी, पण आपण एकीच्या जागी दुसरी बेधडक वापरतो.

मापेही काळाप्रमाणे बदलतात. पहिलीच्या आधी बसणाऱ्या लहान मुलांना पूर्वी 'बिगरी'त घालत. बिगरी म्हणजे बिगर-यत्ता, ज्याला अजून माप नाही असा. मराठी चौथी झाली की 'इंग्रजी पहिली' सुरू व्हायची, म्हणजे आपली आताची पाचवी. इंग्रजी सातवी म्हणजे अकरावी, तीच मॅट्रिक. नंतर नवा आकृतिबंध आला आणि १९७५ पासून दहावीला शालान्त परीक्षा होऊ लागली. एखादे आजोबा सांगतात, "आमी फायनल झालोय." ती सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झाली की मास्तरकी मिळे. तेव्हा आजोबांना 'फक्त सातवी' म्हणून हिणवू नका. ते माप मोठे होते.

आता मुद्द्याची गोष्ट. एक वर्ष गेले की एक इयत्ता झाली, असे आपण धरून चालतो, कारण बहुतेक मुलांचे तसे होते. जूनमध्ये पायली रिकामी, एप्रिलमध्ये भरली. पण वर्ष आपोआप जाते, कोणी काही करो न करो. माप मात्र कोणी भरल्याशिवाय भरत नाही.

माझी तिसरी

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझे आई-वडील कोयत्यावर जात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे तुम्हांला सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतली की जावेच लागे. मीही बरोबर जाई. जूनमध्ये शाळेत बसायचो, दिवाळी झाली की गाडीवर बसायचो आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परत यायचो. पहिली-दुसरी कशीबशी झाली. तिसरीच्या वर्षी आलो तर हजेरीतून माझे नाव कमी केलेले. शाळेचे नाव सांगत नाही, त्या काळी असे बऱ्याच ठिकाणी व्हायचे. जूनमध्ये पुन्हा तिसरीत बसवले. माझ्याबरोबरची मुले चौथीत गेली आणि मी बाकाच्या टोकाला लहान मुलांत बसलो. सगळे म्हणाले, ह्याचे वर्ष बुडाले.

पण खरी गंमत, गंमत कसली म्हणा, ती पुढेच होती. दुसऱ्यांदा तिसरीत बसलो तरी दिवाळीनंतर मी पुन्हा गेलोच. म्हणजे तिसरीच्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग मी दोनदा शिकलो आणि दुसरा अर्धा एकदाही नाही. पहिल्या सत्रातल्या कविता मला आजही तोंडपाठ आहेत. भागाकार दुसऱ्या सत्रात असे. तो माझ्या वाट्याला आलाच नाही. शाळेच्या हिशेबाने मी तिसरीला दोन वर्षे दिली आणि मापाने पाहिले तर अर्धीच तिसरी झाली.

भागाकार मी शिकलो तो कोपीवर. तीन कोयते मिळून एक खेप भरत. गाडी काट्यावर जाऊन वजन झाले की त्याची पावती येई. त्या वजनाचे तीन सारखे वाटे करायचे, कारण तोडणीचे पैसे टनावर. पावती वाचता येणारा तिथे मी एकटाच. पहिल्या दिवशी पाचटावर काडीने रेघा ओढून ओढून वाटे केले आणि तरी चुकलो. शेजारच्या कोपीतले एक काका रागावले नाहीत. त्यांनी मूठभर खडे आणले आणि माझ्यासमोर तीन ढिगांत एकेक टाकत बसले. उरलेला खडा हातात धरून म्हणाले, "ही बाकी." तो हंगाम संपेपर्यंत मला भागाकार येत होता. शाळेच्या कोणत्याच कागदावर ते लिहिले गेले नाही.

तेव्हा दोन्ही तऱ्हा मी पाहिल्या आहेत. वर्ष पुरे, इयत्ता अपुरी. आणि शाळेचे वर्ष बुडालेले, पण मापात एक पसा वाढलेला.

अलीकडे हेच साऱ्या राज्याने एकदम अनुभवले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. जून २०२० मध्ये ज्या मुलांचे पहिलीत नाव घातले, त्यांना पहिलीचा वर्ग पाहायलाच मिळाला नाही. खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर ही मुले कागदावर दुसरीत होती. काहींना अक्षर ओळखू येत नव्हते. कोणाचेही वर्ष बुडाले नाही, पण पायल्या रिकाम्या होत्या. म्हणून २०२१ साली 'सेतू' नावाचा अभ्यासक्रम काढला होता. मागच्या इयत्तेचे राहिलेले पुढच्या वर्षात भरून काढायचे, असा त्याचा हेतू. सेतू म्हणजे पूल. दोन इयत्तांमधला पूल.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर

आता आजींकडे येऊ. "वरीस बुडंल का?" या प्रश्नाचे कायद्याचे उत्तर 'नाही' असे आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसवायचे असते. ऊस तोडायला गेला म्हणून त्याचे नाव काढून टाकता येत नाही. दुसऱ्या गावी गेला तर तिथल्या शाळेने त्याला घ्यावेच लागते. दाखला मागून येईल, पण त्यासाठी प्रवेश अडवून ठेवता येत नाही. पुढे २०१९ मध्ये या कायद्यात बदल झाला. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत नापास झाले तर पुन्हा एक परीक्षा देता येते आणि तीही गेली तर त्याच इयत्तेत बसावे लागते. तिसरीच्या मुलाला ही अडचण नाही.

म्हणजे आजी, वर्ष बुडणार नाही. एप्रिलमध्ये तो परत आला तरी जूनमध्ये चौथीच्या वर्गात बसेल.

पण तुम्ही विचारायला हवे होते ते दुसरेच. "ह्याची इयत्ता बुडंल का?" याचे उत्तर मला सोपे करून सांगता येत नाही. आमच्या नियोजनात तिसरीचा भागाकार दिवाळीनंतर आहे. अपूर्णांक दिवाळीनंतर आहेत. तो पाच महिने कोपीवर राहिला, धाकट्या बहिणीला सांभाळत बसला, तर या गोष्टी त्याच्याकडून राहून जातील. चौथीचे गुरुजी ते शिकला आहे असे धरून पुढे जातील. कागद म्हणेल चौथी आणि डोक्यात असेल अडीच. त्याला कोणी नापास करणार नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. जुन्या काळी निदान वर्ष बुडाल्याचे दिसायचे तरी.

यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे तो गावातच राहील. आपल्या भागात हंगामी वसतिगृहाची सोय असते. आई-बाप कारखान्याला गेलेल्या मुलांना त्यातून दोन वेळचे जेवण मिळते आणि रात्री ती आजी-आजोबांकडे झोपतात. मी हे सांगितले तेव्हा आजी म्हणाल्या, "मला रातचं दिसत न्हाई गुर्जी. पर पांघरूण घालायला डोळं कशाला लागत्यात?"

दुसरी वाट म्हणजे तो आई-वडिलांबरोबर गेला तरी तिथल्या शाळेत जाईल. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा भरत, त्या पुढे बंद होत गेल्या. आता कारखान्याजवळच्या गावच्या शाळेत बसायचे. त्यासाठी आम्ही इथून शिक्षण हमी कार्ड देतो. कार्डाबरोबर मी वेगळ्या कागदावर तीन ओळी लिहून देणार आहे. वाचन कुठवर आले, गणित कुठवर आले, काय राहिले. नुसते 'इयत्ता तिसरी' लिहून तिथल्या बाईंना काय कळणार? माप कुठवर भरले आहे ते सांगितले तर त्या तिथून पुढे भरतील.

नातवाला मी विचारले, "तुला काय वाटतं रे?" तो आजीच्या पदराआड गेला आणि म्हणाला, "तिकडं बैलं असत्यात." हेही खरेच आहे.

शनिवारी त्याचे वडील येणार आहेत. मग ठरेल.

ज्यांच्या घरच्या गाड्या दिवाळीनंतर हलणार आहेत, त्या सर्व मुलांनी सुट्टी लागण्यापूर्वी वडिलांना किंवा आईला घेऊन कार्यालयात यावे. येताना कोणत्या कारखान्यावर, कोणत्या गावाजवळ उतरणार ते मुकादमाला विचारून यावे. गावाचे नाव कळले तर तिथल्या शाळेला आधीच फोन करता येतो. पुस्तके बरोबर न्यायची आहेत, ती इथे जमा करू नयेत. पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग तिथेच लागणार आहे.

सांगा पाहू

(१) एक मुलगा जून २०२१ मध्ये पहिलीत आला आणि दरवर्षी वर गेला. जानेवारी २०२५ मध्ये तो कोणत्या इयत्तेत होता? ते शैक्षणिक वर्ष आडव्या रेघेसह लिहा.

(२) सुहूर सन ११०० च्या फेब्रुवारी महिन्यात इसवी सन कोणता होता?

(३) तुमच्या घरात कोणाकोणाची जन्मतारीख १ जून आहे? त्यांना खरा जन्म कोणत्या सणाच्या, पिकाच्या किंवा दुष्काळाच्या वेळचा ते विचारा आणि लिहून आणा.

उत्तरे चौथीच्या वर्गाबाहेरच्या पेटीत टाकावीत. कागदावर नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नये.